तांबडीचा झगा

मी जळत होतो, आणि तेही सख्ख्या बायकोवर. एका घोडीवरून. हसायचं असेल तर हसून घ्या, आमच्या तबेल्याचा नालबंद तर महिनाभर हसत होता.

मी मोतद्दार. घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका शाळेच्या तबेल्यात बावीस वर्षं घोडे सांभाळतोय. चौदा ठाणं, चौदा घोडे, त्यातले सात माझ्याकडे. शाळा बाईंची. बाई स्वभावाने वाईट नाहीत, पण एकदा बोलल्या की बोलल्या, मग देव आला तरी शब्द फिरवत नाहीत. आणि सातातली एक तांबडी. रंगाने तांबडी म्हणून तांबडी. कागदोपत्री तिला भलंमोठं नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती कानसुद्धा हलवत नाही.

तांबडीला खाज. ऊन तापून हवा दमट झाली की हिची सुरुवात झालीच म्हणून समजा. शेपटीचं मूळ खांबाला घासणार, मान कुंपणाला घासणार. पोटाखाली खाजवायला काही मिळालं नाही तर झुडपावरून चालत जाणार. हिने घासून घासून ठाणाचा एक खांब असा गुळगुळीत केलाय की सुताराला जमणार नाही. हंगाम संपेपर्यंत आयाळीच्या जागी दात घासायचा जुना ब्रश उरायचा, आणि थंडी पडली की सगळं परत उगवायचं. नऊ वर्षं हेच चाललेलं.

आणि नऊ वर्षं तिच्या खाजेला औषध एकच होतं, ते म्हणजे मी. शेवटचा वर्ग सुटला की मी तळ्याकडच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहायचो. तांबडी लांबून बघायची आणि सगळे घोडे सोडून माझ्याकडे चालत यायची. मी आधी खरारा करायचो, मग बोटांनी आयाळीच्या मुळात खसाखसा खाजवायचो. ती मान लांब करायची, डोळे अर्धे मिटायची, वरचा ओठ पुढे काढून थरथरवायची. आणि मान वळवून माझा खांदा दातांनी हळूहळू खाजवायची. घोडे एकमेकांना असं करतात. माणसाला करणारा घोडा मी बावीस वर्षांत हा एकच पाहिला. माझे सगळे सदरे उजव्या खांद्यावर विरलेत, आणि त्याचा मला गर्व होता. बाकीचे मोतद्दार बघत राहायचे. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघायचो नाही.

यंदा मात्र खाजेने हद्द केली. शेपटीचं मूळ सोलून निघालं, मानेवर खपल्या, त्यातून पाणी. खोगीर ठेवायची सोय राहिली नाही. शिकायला येणाऱ्या मुलींनी तिच्याजवळ जायचं सोडलं. एक दिवस बाई ठाणासमोर उभ्या राहिल्या, बराच वेळ बघत.

"पुढच्या महिन्याअखेर हिची कातडी नीट झाली नाही," त्या म्हणाल्या, "तर मी हिला माझ्या भावाच्या समुद्रकाठच्या शेतावर पाठवते. तिथे दिवसभर वारा असतो. निदान सुखाने उभी तरी राहील."

"बाई, दरवर्षी होतं हे. थंडी पडली की जातं."

"दरवर्षी होतं, हेच तर मला आवडत नाही," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी घोड्यांचे डॉक्टर आले. त्यांनी शेपटी उचलली, पोटाची मधली रेघ पाहिली, आयाळीतून बोट फिरवलं तर बोटाला रक्त. म्हणाले, "ही साधी खाज नाही. बारीक चिलटं चावतात, आणि त्यांच्या लाळेचं हिला वावडं आहे."

"चिलटं चौदाही घोड्यांना चावतात," मी म्हटलं. "बाकीचे तेरा कुठे रडतायत?"

"त्या तेरांना वावडं नाही. कुणाला कशाचं वावडं असेल, सांगता येत नाही. तुम्हाला नाही कशाचं?"

"त्यांना सल्ल्याचं आहे," नालबंद तिकडून म्हणाला. तो एका घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बसला होता, त्याला मध्ये तोंड घालायची काही गरज नव्हती.

डॉक्टरांनी मग काय काय करायचं ते सांगितलं. ही चिलटं तळ्याकाठी, ओल्या शेणात वाढतात आणि सकाळ-संध्याकाळ उठतात. म्हणून चारच्या आत तांबडीला ठाणात घ्यायची. ठाणात मोठा पंखा लावायचा. चिलटं इतकी हलकी असतात की त्यांना वाऱ्यात उडताच येत नाही. शेण रोज लांब नेऊन टाकायचं. मलम लावायचं. आणि कानापासून शेपटीपर्यंत, पोटाखालूनसुद्धा, बारीक जाळीचा झगा घालायचा.

"आणि खाजवणं बंद," डॉक्टर म्हणाले. "खरारा तर मुळीच नाही. खाजवलं की कातडी फुटते, फुटली की जास्त खाजते. तिला बरं वाटतं ते पाच मिनिटं, भोगते ती दिवसभर."

हे ते माझ्याकडे बघून म्हणाले. मी खिशात हात घातले.

दुकानातून आणलेला झगा तांबडीने दोन दिवसांत खांबाला घासून फाडला. तेव्हा बाईंना माझी बायको आठवली. आमचं घर तबेल्यामागच्या गल्लीत आहे. बायको घरी मशीनवर खोगिराखालच्या गाद्या, पट्टे, पिशव्या शिवते, सगळं तबेल्याचंच काम. पण सोळा वर्षांच्या संसारात ती तबेल्याच्या आत कधी आली नव्हती. गाद्या मीच नेऊन पोचवायचो.

ती आली. मापाची टेप गळ्यात, पेन्सिल कानावर. मला वाटलं, तांबडी हिला उभी करणार नाही. तर ही तिच्या अंगाला जेमतेम टेप टेकवत, हळू आवाजात काहीतरी पुटपुटत अर्धा तास मापं घेत राहिली आणि ती बया शहाण्यासारखी उभी. मी म्होरकी धरून होतो. माझ्याकडे दोघींपैकी एकीनेही पाहिलं नाही.

आठवड्यात झगा तयार झाला. काय सांगू, नजर लागावी असं काम. दुहेरी जाळी, पोटाखाली रुंद पट्टा, शेपटीला वेगळी पिशवी, कानांना टोपी, आणि मानेखाली लांबलचक वेल्क्रो, म्हणजे घालायला-काढायला सोपं. पहिल्या दिवशी तांबडी त्यात लग्नाला निघालेल्या मावशीसारखी दिसत होती. चौथ्या दिवशी तिने खांबाला घासणं कमी केलं. दहाव्या दिवशी खपल्या वाळल्या. पंधराव्या दिवशी मानेवर बारीक लव दिसायला लागली.

जो तो बायकोचं कौतुक करायला लागला. बाईंनी तिला बोलावून सगळ्यांसमोर शाबासकी दिली. डॉक्टरांनी झग्याचे फोटो काढले. नालबंद मला म्हणाला, "नऊ वर्षं तुम्ही जे केलं ते वहिनींनी पंधरा दिवसांत निस्तरलं." मी म्हटलं, तू तुझे खिळे ठोक.

पण खरी आग लागली ती दुसऱ्याच गोष्टीने. एका दुपारी मी कुंपणापाशी उभा राहिलो. तांबडी समोर चरत होती, झगा घालून. मी शीळ घातली. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत गवतात तोंड घातलं. मला वाटलं, ओळखलं नाही. पुन्हा शीळ घातली. तिने शेपटीची पिशवी एकदा हलवली, बस. खाज नव्हती, म्हणून ती आली नाही.

म्हणजे नऊ वर्षं ती माझ्याकडे येत होती ते कशासाठी? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर मिळायच्या आत बायकोवर चिडलो. हिने झगा शिवला म्हणून. घरी गेलो तर ही मशीनवर बसून दुसरा झगा शिवत होती, धुवायला टाकला तर बदली हवा म्हणून. मी म्हटलं, "आता घोडीला साडीही नेसव." ती म्हणाली, "अहो, काय झालंय तुम्हाला?" काय सांगणार? घोडी मला विचारत नाही, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं?

मग मी ते केलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर तांबडीच्या ठाणात शिरलो. पंखा बंद केला, कारण खाजवताना कोंडा उडून डोळ्यांत जातो. मानेखालचा वेल्क्रो उघडला, जाळी मागे सारली आणि आयाळीत बोटं घातली. आधी ती नुसतीच उभी राहिली. मग मान लांब झाली. मग ओठ थरथरला. आणि मग तिने माझा खांदा धरला, पूर्वीसारखा. मला भरून आलं. मी म्हटलं, पाच मिनिटं. पाच मिनिटांनी काय होतंय? तेवढ्यात किती चिलटं येणार?

पाचाची दहा झाली. दुसऱ्या दिवशी परत गेलो, तिसऱ्या दिवशीही. आता ती माझी पावलं ऐकून ठाणाच्या दारावर खूर आपटायला लागली. मी मनातल्या मनात बायकोला म्हणायचो, बघ, शीव आता झगे.

आठ दिवसांत मान परत फुटली. अंग बरं, शेपटी बरी, फक्त मान. रक्ताळलेली, ओली.

बायकोला वाटलं, शिलाई चुकली. मानेचं माप सैल झालं असेल, जाळी घासत असेल, चिलटं आत शिरत असतील. तिने मानेचा तुकडा उसवला आणि नव्याने शिवला. फरक पडला नाही. परत उसवला, आतून मऊ पट्टी लावली. फरक पडला नाही. तिसऱ्यांदा उसवताना सुई बोटात गेली, चांगली खोल. चिंधी गुंडाळून ती परत बसली. मी समोर जेवत होतो. विचारलं सुद्धा, "दुखतंय का?" आणि तोंडात घास घातला. मला काय झालं होतं, कुणास ठाऊक. एक सांगतो, मला वाईट वाटत होतं आणि तरी मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठाणात गेलो.

मुदत संपायला दोन दिवस उरले तेव्हा डॉक्टर शेवटचं बघायला आले. भर दुपारी आम्ही सगळे खोगिरांच्या खोलीत होतो. बाई, डॉक्टर, मी, आणि मांडीवर मानेचा तुकडा घेतलेली बायको.

"दोष माझाच आहे," बायको म्हणाली. "बाकी सगळं बसलं, मान जमली नाही. अजून एकदा बघू का?"

"तीनदा बघून झालं," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. "तुम्ही केलंत तेवढं कुणी केलं नसतं. रविवारी ट्रक येईल."

"मला नाही जमलं," बायको म्हणाली, आणि तिने मान खाली घातली.

त्या क्षणी मला बरं वाटलं. लपवून काय करू? एक क्षणभर, पण वाटलं. नऊ वर्षं मला जमलं नाही ते हिलाही जमलं नाही. आणि लगेच दुसरा क्षण आला. रविवारी तांबडी ट्रकमध्ये चढणार आणि तिकडे समुद्रावर वाऱ्यात उभी राहणार, आणि ते केवळ माझ्यामुळे.

डॉक्टरांनी मानेचा तुकडा बायकोच्या मांडीवरून उचलला आणि वेल्क्रो उघडला. त्यात आयाळीचे आखूड केस अडकले होते, कोंडा भरला होता, पट्टी धड चिकटतच नव्हती.

"हा दिवसातून किती वेळा उघडतात?" त्यांनी बायकोला विचारलं.

"एकदाच. सकाळी मलम लावतात तेव्हा. आणि ही पट्टी मी चारच दिवसांपूर्वी नवी लावलीय."

"चार दिवसांत एवढे केस?"

बायकोने पट्टी हातात घेऊन पाहिली. तिला कळेना. बाईंना कळेना. ती परत म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल," आणि तिने बोटावरची चिंधी घट्ट केली.

मी म्हणालो, "मी उघडतो. रोज संध्याकाळी. पंखा बंद करून."

मी बोलत सुटलो. सांगितलं, ती कुंपणापाशी येत नाही म्हणून. सांगितलं, पाचच मिनिटं म्हणून. सांगितलं, शिलाईत काही खोट नाही, पहिल्या दिवसापासून नव्हती. डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. बायको माझ्याकडे बघत नव्हती, ती पट्टीतले केस एकेक करून काढत होती.

बाईंनी मला हाकललं नाही. त्यांनी ट्रक एक महिना पुढे ढकलला. पण म्हणाल्या, "उद्यापासून तुमची पाळी पहाटेची. दुपारी चार वाजता घरी जायचं. चारनंतर तबेल्यात दिसलात, तर पुन्हा यायचं नाही."

"आणि संध्याकाळी तिच्याकडे कोण बघणार?" मी विचारलं. "हंगाम ऐन भरात आहे. पाच ते सात तिला एकटं ठेवून चालणार नाही. झगा सरकतो, पंखा बंद पडतो."

"मी येईन," बायको म्हणाली.

घरी बायको माझ्याशी कामापुरतं बोलायची. मीठ. दार लावा. दूध आणा. मला वाटलं होतं भांडेल, ओरडेल, सुईचं बोट नाकासमोर धरेल. तसं काहीच केलं नाही. रोज पाचला मशीन झाकायची, चपला घालायची आणि निघायची. सातनंतर परत. अंगाला मलमाचा वास.

तांबडी सुधारली. तीन आठवड्यांत मान कोरडी झाली, लव आली. पहाटे मी तिला खुराक द्यायचो तेव्हा बघायचो, हात मात्र पाठीमागे. ती घमेल्यातून तोंड वर काढायची नाही. बाईंनी भावाला कळवलं की घोडी येत नाही, इथेच राहील. मला आनंद झाला, देवाशपथ झाला. पण पोटातली आग काही विझली नव्हती. मला सारखं दिसायचं ते एवढंच, की रोज पाच ते सात ही तिच्याजवळ उभी आहे आणि ती हिचा खांदा खाजवतेय.

शेवटी काल राहवलं नाही. बायको चपला घालत होती. मी जमेल तितक्या सहज विचारलं, "काय, तांबडी ओळखते की नाही आता?"

"ओळखते ना. कान पाडते."

"तुला बघून?"

"मला बघून. मलम चुरचुरतं तिला. परवा लाथ उगारली."

मला इतकं बरं वाटलं की लाज वाटायला हवी होती. मी म्हटलं, "म्हणजे तिचा काही जीव नाही तुझ्यावर."

"माझाही नाही तिच्यावर," ती म्हणाली. "अहो, मला घोड्यांची भीती वाटते. माप घेताना मी देवाचं नाव घेत होते. लहानपणापासून वाटते भीती. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. सोळा वर्षांत कधी कळलंच नव्हतं. मी विचारलं, "मग कशासाठी शिवलास एवढा झगा? तीन-तीनदा उसवून? बोट फोडून घेऊन?"

ती चपलेचा पट्टा लावत वाकली होती, तशीच राहिली.

"नऊ वर्षं तुम्ही रोज संध्याकाळी तिच्याकडे असता," ती म्हणाली. "मला वाटलं, तिची खाज थांबली तर तुम्ही घरी याल."

मी उठून तिच्याजवळ गेलो. तोंडातून निघालं, "मी आलोय ना घरी."

"हो," ती म्हणाली. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि कडी काढली. "मला उशीर होतोय. चिलटं उठतील."

मी दारापर्यंत गेलो. ती गल्लीतून भराभर चालत गेली, हातात मलमाची बरणी, आणि कोपऱ्यावर तबेल्याकडे वळली. मी आत आलो. मशीन झाकलेली होती, तिच्यासमोरच्या खुर्चीत जाऊन बसलो, आणि सात वाजायची वाट बघत राहिलो.